झुंबरबाईंची किंकाळी

वरच्या खोलीत सकाळपासून एक बाई किंचाळत होती. किंचाळायची, थांबायची आणि पुन्हा तेवढंच किंचाळायची. खाली स्वयंपाकघरात झुंबरबाई भाकरी थापत होत्या आणि प्रत्येक किंकाळीला त्यांचा हात परातीत थांबत होता. भीतीनं नव्हे, वैतागानं.

शेवटी शेजारच्या बाळाबाईनं भिंतीवरून डोकं काढलं. "काकी, वरच्या पोरीला बरं न्हाय काय?"

"बरं हाय. अभ्यास करालीया."

"किंचाळायचा?"

"पिक्चरचा," झुंबरबाई म्हणाल्या आणि भाकरी तव्यावर टाकली.

शिवाजी पेठेतल्या त्या बोळात झुंबरबाई साळोखे लग्न होऊन आल्या त्या तिथल्याच झाल्या. नवरा बाळासो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा राजवीर शिरोलीला एका फाउंड्रीत सुपरवायझर, सून वर्षाराणी बँकेत. दोघं डबे घेऊन बाहेर पडले की दिवसभर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. म्हणून वरची खोली त्यांनी इरावतीला दिली होती. इरावती वैभववाडीची, गगनबावड्याचा घाट उतरून गेलं की लागणाऱ्या गावाची. कोल्हापुरात ती सिनेमाचं शिक्षण घ्यायला आली होती. इथल्या बायकाही 'मी आलो, मी गेलो' म्हणतात याचं तिला पहिल्या वर्षी हसू यायचं. आता तिसऱ्या वर्षाला ती स्वतःच 'काकू, मी जातो' म्हणत जिना उतरायची आणि सुट्टीत घरी गेली की त्यावरून आईची बोलणी खायची.

भाकरी झाल्यावर झुंबरबाईंनी चहा टाकला, कप ताटलीत ठेवले, वाटीत थोडं भडंग घेतलं आणि त्या वर गेल्या. इरावती लॅपटॉपसमोर मांडी घालून बसली होती. शेजारी तिच्या वर्गातला धवल, जयसिंगपूरचा. पिक्चर त्याचा, कापून जोडायचं काम इरावतीचं.

"काय चाललंय गं हे? सगळा बोळ इचारालाय."

"ट्रेलर करतोय काकू," धवल म्हणाला. "भुताचा पिक्चर आहे. सगळा अजून शूट व्हायचाय, पण आधी दोन मिनिटांचा ट्रेलर कॉलेजात दाखवायचाय."

"म्हंजे जाहिरात."

"हो, जाहिरातच म्हणा."

झुंबरबाई खाली टेकल्या. इरावतीनं त्यांना पहिल्यापासून दाखवलं. गगनबावड्याचं धुकं, झाडं आहेत की माणसं उभी आहेत ते कळू नये इतकं दाट. त्यात एक बंद बंगला. एक मुलगी बॅटरी घेऊन आत जाते, जिन्याखाली थांबते, वर बघते. बॅटरी विझते, काळोख होतो आणि त्या काळोखात ती किंकाळी. चित्र बघताना झुंबरबाईंच्या अंगावर खरंच काटा आला होता. किंकाळी ऐकली आणि तो गेला.

"ही बाई भ्यालेली न्हाय," त्या म्हणाल्या.

"तेच मी ह्याला कालपासून सांगतेय," इरावती म्हणाली. "ही इंटरनेटवरून घेतलीय. आमची सई काम छान करते, पण किंचाळताना मध्येच हसते. किती वेळा घेतली, दर वेळी शेवटी हसू."

धवलनं भडंगाचा बकाणा भरला. "दुसरी मिळेपर्यंत हीच चालवू."

झुंबरबाईंनी कपाची कड पदरानं पुसली. पुढचं वाक्य आपण बोलणार आहोत हे त्यांना बोलून झाल्यावर कळलं.

"भुताच्या पिक्चरची जाहिरात मी बी केलीया. वरडायला मीच हुतो."

झुंबरबाई एकदम उठल्या. भात लावायचाय म्हणाल्या आणि जिना उतरून खाली आल्या. भात तर सकाळीच झाला होता.

झुंबर कुरुंदवाडची. नदीकाठाला वडलांचं रान, आणि ज्वारी हुरड्याला आली की थोरल्या पोरीनं माळ्यावर उभं राहून पाखरं राखायची. भावाच्या हातात गोफण असायची, झुंबरच्या हातात काहीच नसायचं. तिला गरजही नव्हती. तिनं एक आरोळी दिली की पाखरांचा थवा फडफडत उठायचा आणि पार नदीपलीकडे जाऊन बसायचा. पलीकडच्या रानातली माणसं बैल थांबवून बघायची. 'पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा न्हाय,' असं आई म्हणायची. बाप हसायचा.

लग्न झालं ते बाळासोशी. तो टॉकीजमध्ये दारावर तिकिटं फाडायचा आणि शुक्रवारी नवा पिक्चर लागला की जाहिरातीची रिक्षा घेऊन गावभर फिरायचा. रिक्षाला दोन्ही बाजूंनी पोस्टरचे बोर्ड बांधलेले, टपावर भोंगा, आत बॅटऱ्या आणि अॅम्प्लिफायर. रिक्षा ज्ञानू चालवायचा, बाळासो त्याच्या शेजारी अर्धा आत अर्धा बाहेर बसून माईकवर बोलायचा. बाळासोचा आवाज गोड होता. 'रसिकहो' म्हणायचा तेव्हा बायका दारात यायच्या.

एका हिवाळ्यात टॉकीजला भुताचा पिक्चर लागला. पिक्चरवाल्यांनी जाहिरातीसाठी किंकाळ्यांची टेप पाठवली होती. पहिल्याच दिवशी ज्ञानूच्या टेपरेकॉर्डरनं ती चावून टाकली. बाळासो तोंड पाडून घरी आला, उंबऱ्यात चपला काढत होता, आणि नेमकी त्याच वेळी आढ्यावरची पाल झुंबरच्या खांद्यावर पडली.

ती किंचाळली. बोळातली सायकल पडल्याचा आवाज आला. समोरच्या घरातला म्हातारा काठी घेऊन बाहेर आला. बाळासो एक चप्पल हातात घेऊन तसाच उभा होता.

"परत एकदा वरड," तो म्हणाला.

"का?"

"वरड की."

सासू कडक होती. नव्या सुनेनं रिक्षात बसून गावभर ओरडायचं हे तिच्या कानावर गेलं असतं तर झुंबरला कुरुंदवाडची गाडी धरावी लागली असती. म्हणून घरात सांगितलं अंबाबाईचं. दर शुक्रवारी नवरा-बायको देवीला जाऊन येतात. सासूला बरं वाटलं. झुंबर खण-नारळाची पिशवी घेऊन निघायची, देवीला खरोखर हात जोडायची आणि मग मागच्या गल्लीत उभ्या असलेल्या ज्ञानूच्या रिक्षात शिरायची. मागच्या सीटला सगळीकडून काळं कापड लावलं होतं. आत ती, बॅटऱ्या, तापलेल्या अॅम्प्लिफायरचा वास आणि दुसरा माईक.

बाळासो पुढून रंगवून रंगवून सांगायचा. काळीज घट्ट असंल तरच या, रसिकहो. पोरंबाळं शेजारी ठेवून या. आन मग त्या बंद दाराच्या मागनं... एवढं बोलून तो मधल्या लोखंडी दांडीवर अंगठीनं टकटक करायचा. मग झुंबर.

कापडाला एका बाजूला शिवण उसवलेली होती. त्या फटीतून झुंबरनं कोल्हापूर बघितलं. लग्नाला वर्ष व्हायचं होतं. नळ, देऊळ आणि चुलतसासऱ्यांचं घर यापलीकडे तिनं गाव पाहिलं नव्हतं. फटीतून तिला गंगावेशीतला दूधकट्टा दिसला, म्हशी दिसल्या, रंकाळ्याचं पाणी दिसलं. लक्ष्मीपुरीत मिरच्यांच्या पोत्यांनी तिला शिंका यायच्या आणि ती माईक पदरानं झाकायची. राजारामपुरीतल्या बंगल्यांच्या गच्चीवर पोरी वेण्या घालत बसलेल्या असायच्या. ती किंचाळली की त्या सगळ्यांची तोंडं तिच्याकडे वळायची. पोरं धावत सुटायची, कुणी हसायचं, कुणी छातीवर हात ठेवायचं. सगळं गाव तिच्याकडे बघत होतं आणि तिला कुणीच बघत नव्हतं. तिला ते फार आवडायचं. परत येताना ज्ञानू खासबागेपाशी रिक्षा थांबवायचा आणि बाळासो कापडाच्या आत भजीचा पुडा सरकवायचा.

पिक्चर चालला आणि टॉकीजचा मालक खूश झाला. त्या वर्षभरात भुताचे आणखी दोन पिक्चर लागले, पण तेवढेच. मग राजवीरची चाहूल लागली. मालकानं नवी टेप आणली, ज्ञानूनं रिक्षा विकून टेम्पो घेतला. पुढं टॉकीजच बंद झालं, तिथं आधी गोडाऊन आलं आणि नंतर अपार्टमेंट उभं राहिलं. बाळासो एका मंडपवाल्याकडे स्पीकर लावायला जाऊ लागला. दोघंच घरात असले की तो कधीतरी जेवता जेवता ताटाच्या कडेवर अंगठीनं टकटक करायचा आणि झुंबरबाई हसून पाणी सांडायच्या. सासू असेपर्यंत हे कुणाला सांगता आलं नाही, आणि ती गेल्यावर न सांगायची सवय झाली होती. मग ज्ञानू गेला, मालक गेला, बाळासो गेला. ही गोष्ट ठाऊक असलेलं झुंबरबाईंशिवाय कुणी उरलं नाही.

इरावती संध्याकाळी खाली आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. तिनं लसूण सोलायला घेतला. लसूण सोलून होईपर्यंत झुंबरबाईंनी तिला सगळं सांगून टाकलं होतं, पालीपासून भजीपर्यंत.

"काकू, आमच्यासाठी एकदा ओरडाल?"

"आता? ह्या वयात?"

"एकदाच. नाही जमलं तर नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, राजवीर आणि वर्षाराणी कामावर असताना, वरच्या खोलीच्या भिंतींना गोधड्या लावल्या गेल्या. पंखा बंद केला. बाळाबाईला आधीच सांगून ठेवलं होतं, काही ऐकू आलं तरी पळत येऊ नको. धवलनं माईक झुंबरबाईंच्या तोंडापुढं धरला आणि इरावतीनं कानांना हेडफोन लावले.

झुंबरबाई खुर्चीत ताठ बसल्या. त्यांनी डोळे मिटले. काळं कापड आठवलं, बॅटऱ्यांचा वास आठवला. खोल श्वास घेतला, इतका खोल की खांदे वर आले, आणि तो छातीत धरला.

पुढं काही झालंच नाही. आवाज गळ्यापर्यंत आला आणि तिथंच चिकटला. निघाली ती एक घोगरी खाकर, मग खोकला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तर खोकल्यानं डोळ्यांत पाणी आलं. धवलनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

"राहू दे काकू," इरावती म्हणाली.

"घसा बसलाय जरा. थंडीनं," झुंबरबाई म्हणाल्या. थंडी नव्हती. त्या पाणी प्यायल्या आणि पदर सावरून, भिंतीला धरत जिना उतरल्या.

त्या संध्याकाळी त्या जेवण आटोपून लवकरच अंथरुणावर पडल्या. वर्षाराणीनं विचारलं, आई, बरं वाटत नाही का? त्यांनी मान हलवली. आपला आवाज गेलाय हे त्यांना आजच कळलं होतं. नेमका कधी गेला, ते कळलंच नव्हतं. इतक्या वर्षांत ओरडायची वेळच आली नव्हती. आपल्या आत कुठंतरी तो नीट ठेवलेला आहे, काढला की निघेल, असं त्या धरून चालल्या होत्या. आणि सगळ्यात वाईट याचं वाटत होतं की त्या पोरांनी आता मनात म्हटलं असेल, म्हातारी उगाच थाप मारत होती.

सकाळी घर रिकामं झाल्यावर इरावती लॅपटॉप घेऊन थेट स्वयंपाकघरात आली. ओट्यावरची कोथिंबीर बाजूला सारून तिनं तो ठेवला आणि हेडफोन झुंबरबाईंच्या कानांना लावले.

"बघा जरा."

धुकं, बंगला. मुलगी आत गेली, जिन्याखाली थांबली, तिनं वर बघितलं. बॅटरी विझली. पडदा काळा झाला, आणि त्या काळोखात, अगदी कानाजवळ, कुणीतरी श्वास घेतला. लांब, खोल, थरथरता. घेतला आणि धरून ठेवला. झुंबरबाईंचाही श्वास अडकला. आता होणार, आता होणार, म्हणून त्यांनी ओट्याची कड घट्ट धरली. काही झालं नाही. पडद्यावर पिक्चरचं नाव आलं.

त्यांनी हेडफोन काढले. "हे कोन हाय?"

"तुम्ही. कालच्या."

"पर ह्यात किंकाळी कुठं हाय?"

"नाहीच आहे. काल मी रेकॉर्डिंग परत परत ऐकत होते, खोकला कापायला म्हणून. श्वास संपला की थांबवत होते. आणि दर वेळी थांबवलं की मीच घाबरत होते. मग इंटरनेटवाली बाई काढून टाकली."

झुंबरबाईंना आधी राग आला. जे जमलं नाही तेवढंच नेमकं उचलून लोकांना दाखवायचं, हे त्यांना पटेना. धवललाही पटलं नव्हतं. किंकाळीशिवाय भुताचा ट्रेलर म्हणजे काय, असं तो म्हणत होता. मग झुंबरबाईंनीच भिंतीवरून बाळाबाईला हाक मारली. तिला पाटावर बसवलं, हेडफोन लावले आणि स्वतः शेजारी बसल्या. बघता बघता बाळाबाईनं त्यांचा दंड धरला. पडदा काळा झाला तशी तिची बोटं रुतली. पिक्चरचं नाव येऊन गेलं तरी ती तशीच.

"पुढं?" तिनं विचारलं.

"पुढं काय न्हाय."

"असं कसं न्हाय? ती वरडली का न्हाय शेवटी?"

झुंबरबाईंनी इरावतीकडे बघितलं. दोघीही हसल्या, आणि बाळाबाईला कुणीच काही सांगेना.

कॉलेजच्या हॉलमध्ये ट्रेलर दाखवला त्या दुपारी राजवीरनं अर्धी रजा काढली होती. आईनं पहिल्यांदाच कुठं घेऊन चल असं म्हटलं होतं, त्यामुळे काय, का, हे न विचारता तो आला होता. हॉलमध्ये पोरांचा गोंगाट चालला होता. आधीच्या ट्रेलरांना शिट्ट्या झाल्या, टाळ्या झाल्या. धवलच्या ट्रेलरला काळोखात श्वास सुरू झाला आणि हळूहळू सगळा हॉल गप्प झाला. पुढच्या रांगेतल्या एका पोरीनं चेहऱ्यावर ओढणी घेतली. झुंबरबाईंनी ती शांतता ऐकली. रिक्षातल्या किंकाळीनंतर असाच गलका थांबायचा, एखादा क्षण, मग हशा पिकायचा. इथंही पिकला. मग नावं आली. सईचं, धवलचं, इरावतीचं, आणि त्यांच्या खाली 'श्वास - झुंबर बाळासो साळोखे'.

राजवीरनं ते वाचलं. आईकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे बघितलं, तोवर नाव गेलं होतं.

बाहेर पार्किंगमध्ये गाडीला किल्ली लावून तो तसाच उभा राहिला. "आई, हे काय हाय?"

तिथंच, दोन मोटरसायकलींच्या मध्ये उभं राहून झुंबरबाईंनी मुलाला सांगितलं. तो ऐकत होता, मध्येच हसत होता, मध्येच डोकं हलवत होता. बापाचं नाव निघालं की त्याची नजर खाली जायची.

"आजीला कवाच कळलं न्हाय?"

"काय की," झुंबरबाई म्हणाल्या. "एकदा म्हणाली, देवीला जाऊन आलीस की तुझा घसा कसा गं बसतो? म्हटलं, आरती म्हणतो. तर म्हणाली, हळू म्हणत जा, ऐकू येती पार घरापर्यंत."

राजवीर इतक्या जोरात हसला की वॉचमननं वळून बघितलं.

धवलचा पिक्चर पुढं पुरा झाला नाही. पावसात गगनबावड्याला जाता आलं नाही, मग परीक्षा आल्या, मग तो वडलांच्या धंद्यात शिरला. इरावतीला पुण्यात काम मिळालं. जाताना ती खाली वाकून नमस्कार करायला लागली तर झुंबरबाईंनी तिला मध्येच धरलं आणि पिशवीत कांदा-लसूण चटणीची बरणी कोंबली. पिक्चर कधीच आला नाही, ट्रेलर मात्र पेठेत फिरला. राजवीरनंच तो सगळ्यांच्या फोनवर पाठवला आणि खाली आईची गोष्ट लिहिली.

मग माणसं यायला लागली. भाजी घ्यायला निघालेल्या, दळण टाकून परतणाऱ्या बायका, पेपर हातात घेतलेली म्हातारी माणसं. प्रत्येकाकडे काहीतरी होतं. एकीची दुधाची बादली तेव्हा हातातून सुटली होती. एक जण तालमीत कुस्ती खेळत होता, किंकाळी ऐकून वर बघितलं तेवढ्यात समोरच्यानं त्याला चितपट केलं होतं, आणि त्याचा राग त्याला अजून होता. आम्हाला वाटायचं टेप हाय, सगळे म्हणायचे. झुंबरबाई सगळ्यांना चहा करायच्या.

एका सकाळी पलीकडच्या तालमीतले सयाजीराव आले. साठी ओलांडलेले, हातात काठी, बगलेत पेपर. कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "वहिनी, एक सांगतो. बाळासो लई नाटकी माणूस. तुमची किंकाळी आली की असा दचकायचा, जसं काय त्याला म्हाईतच न्हाय."

"दचकायचा?"

"दर वेळी. आम्ही पोरं तेच बघायला रिक्षापुढं पळायचो."

चहा टाकायला आत निघालेल्या झुंबरबाई उंबऱ्यापाशीच थांबल्या. फटीतून त्यांना गाव दिसायचं. पुढच्या बाजूला कापडच होतं. बाळासो त्यांना कधी दिसला नव्हता. त्या रिक्षात त्याचा आवाज होता, अंगठी होती, भजीचा पुडा देणारा हात होता. तोंड त्यांनी बघितलं नव्हतं.

"कसा दचकायचा?" त्यांनी विचारलं.

सयाजीरावांनी काठी भिंतीला टेकवली. गुडघ्यावर हात देऊन उभे राहिले आणि पेपरची गुंडाळी तोंडापुढं धरली. मान तिरकी केली, डोळे बारीक केले, ओठ रसिकहो म्हणावं तसे हलवले. मग एकदम त्यांचे दोन्ही खांदे उडाले, पेपर हातातून पडता पडता वाचला, डोळे विस्फारले, आणि लगेच ओळखीचं, सावरून घेतलेलं हसू तोंडभर पसरलं.

"असा," ते म्हणाले.

"परत एकदा दाखवा," झुंबरबाई म्हणाल्या. त्या उंबऱ्यावर बसल्या आणि सयाजीरावांनी घसा खाकरून पेपर पुन्हा तोंडापुढं धरला.